नैसर्गिक रंगांचा आग्रह आणि निर्मलची रेषा

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील निर्मल या गावाच्या चित्रकलेचा विषय निघाला की एक निकाल आधीच लागल्यासारखा ऐकवला जातो. नक्काशांनी, म्हणजे तिथल्या चित्रकार-कारागिरांनी, झाडपाल्याचे, मातीचे आणि दगडाचे रंग टाकून कारखान्यातले डब्यातले रंग हाती घेतले त्याच वेळी ही कला संपली, आणि आज बाजारात दिसते ती केवळ दिवाणखान्याची शोभा, असे त्या निकालाचे स्वरूप असते. कलावस्तूंच्या संग्राहकांच्या बोलण्यात, प्रदर्शनांच्या निवेदनांत आणि लोककलेवरील हळहळीच्या लेखनात हे मत वेगवेगळ्या शब्दांत भेटते, आणि ते इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याला पुराव्याची गरज आहे, असे कोणाला वाटेनासे झाले आहे. मात्र चित्रसाहित्याचा इतिहास, दख्खनमधील जुन्या चित्रशाळांची पद्धत आणि निर्मलच्या कारागिरीचे खुद्द स्वरूप या तिन्ही कसोट्यांवर हे मत टिकत नाही.

२०१६ साली आदिलाबादची विभागणी होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले, त्यामुळे निर्मल गाव आज स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. तरीही या कलेची ख्याती आदिलाबादच्याच नावाने वाढली. आदिलाबादला लागूनच नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूर हे जिल्हे आहेत, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबादमध्येच होते, आणि बेला, जैनद या बाजूंना मराठी आजही घरात आणि बाजारात बोलली जाते. आदिलाबादचे परधान, म्हणजे गोंडांची कुळकथा गाणारे भाट, गोंडांसमोर गोंडीत गातात पण घरी मराठी बोलतात, अशी नोंद मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकातील आपल्या अभ्यासात केली आहे. म्हणून निर्मलच्या रंगाचा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. वारलीच्या बाबतीत तोच वाद महाराष्ट्रात होत आला आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून खोडणे सोपे असते, म्हणून ते त्याच्या सर्वांत सशक्त रूपात मांडले पाहिजे. त्याचे तीन भाग आहेत. पहिला भाग असा की परंपरागत कलेतील द्रव्य हे त्या भूमीतून निघालेले असते आणि कला व भूमी यांचे नाते त्या द्रव्यातूनच टिकते, म्हणून द्रव्य बदलले की नाते तुटते. दुसरा भाग असा की नैसर्गिक रंग निरुपद्रवी व टिकाऊ असतात, तर रासायनिक रंग विषारी आणि भडक असतात. तिसरा भाग असा की झटपट सुकणारा तयार रंग हाती आला की कारागिराचा हात घाईचा होतो, एकाच नमुन्याच्या शेकडो प्रती निघू लागतात आणि चित्रकाराचा कामगार होतो. या तीन भागांपैकी पहिला इतिहासाला धरून नाही, दुसरा अर्धवट आहे आणि तिसऱ्यात दुखणे खरे असले तरी त्याचे कारण चुकीचे सांगितले आहे.

विचार स्पष्ट होण्यासाठी चित्रसाहित्याचे घटक आधी वेगळे केले पाहिजेत. ज्यावर चित्र काढले जाते तो आधार, म्हणजे भिंत, कापड, कागद किंवा लाकडी फळी. त्या आधारावर चढवलेला गुळगुळीत लेप म्हणजे अस्तर. ज्या भुकटीमुळे रंग दिसतो ते रंगद्रव्य. ती भुकटी आधाराला धरून ठेवणारा डिंक, सरस, तेल किंवा रोगण म्हणजे बंधक. आणि रेषा उमटवणारे हत्यार, म्हणजे कांडी, लेखणी, सुई किंवा कुंचला. ‘नैसर्गिक रंग गेले’ या वाक्यात हे पाचही घटक एकाच गाठोड्यात बांधले जातात. वास्तविक यांपैकी प्रत्येकाचा बदल वेगळा परिणाम करतो : रंगद्रव्य बदलले तर छटा बदलते, बंधक बदलला तर सुकण्याचा वेळ, चकाकी आणि थरांवर थर देण्याची मुभा बदलते, आधार बदलला तर चित्राचे आयुष्य आणि आकार बदलतो, आणि हत्यार बदलले तर रेषेची जात बदलते. निर्मलमध्ये मुख्यतः बंधक बदलला आणि काही प्रमाणात आधार बदलला. रेषा काढणारा कुंचला मात्र कारागिराच्या हातातच राहिला. ही गोष्ट लक्षात घेतली असती तर अर्धा वाद उद्भवलाच नसता.

आता भूमी आणि द्रव्य यांच्या नात्याकडे वळावे. निर्मलच्या चित्रांत अजिंठ्याच्या आकृती आणि मोगल लघुचित्रांतील प्रसंग यांचा मोठा वाटा आहे, म्हणून अजिंठ्याचाच दाखला सर्वांत समर्पक ठरतो. पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळी रंगवलेल्या लेण्यांत तांबडी व पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी आणि पांढरी माती ही द्रव्ये दख्खनच्या आसपास मिळणारी होती, पण त्याच भिंतींवरील गडद निळा हा लाजवर्द दगडाचा आहे, आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर येत असे. म्हणजे ज्या चित्रांना भारतीय भित्तिचित्रकलेचे शिखर मानले जाते त्यांच्या रंगपेटीतही दूरदेशाहून आणलेले, विकत घेतलेले द्रव्य होते, आणि त्यामुळे अजिंठा परका ठरला नाही. जपानमध्ये १८३० च्या सुमारास चित्रकार होकुसाईने आपल्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रासाठी वापरलेला प्रशियन निळा हा त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये तयार झालेला कृत्रिम रंग होता. त्यामुळे ते चित्र जर्मन होत नाही.

रंग ‘तयार करणे’ हे आधुनिक कारखान्याचे पाप आहे, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकलेवर सविस्तर प्रकरण आहे, आणि निर्मलपासून फार दूर नसलेल्या दख्खनी दरबारात त्या काळी चित्रसाहित्याचा किती काटेकोर विचार होत होता, हे त्यावरून कळते. म्हशीच्या कातड्यापासून उकळून काढलेला सरस, ज्याला वज्रलेप म्हटले आहे, तो भिंतीच्या अस्तरात आणि रंगात घालावा, असे त्यात सांगितले आहे. आणि प्राथमिक रेखांकनासाठी काजळी शिजलेल्या भातात मळून तिची वात वळावी आणि त्या वातीने, म्हणजे वर्तिकेने, आकृतीची बाह्यरेषा उमटवावी, असेही सांगितले आहे. ही वर्तिका म्हणजे भारतीय रेखांकनातील एक जुनी, ‘तयार केलेली’ कांडीच होय. तिच्यात निसर्गातून जसेच्या तसे उचललेले काहीही नाही. फ्रान्समध्ये निकोला-जाक कोंतेने १७९५ साली ग्रॅफाइटची भुकटी मातीत मिसळून भाजली आणि आजच्या पेन्सिलीचा पाया घातला, तेव्हा त्याने जे केले त्याची जात सोमेश्वराच्या वर्तिकेपेक्षा निराळी नाही : काळे द्रव्य, त्याला धरणारा दुसरा पदार्थ, आणि हाताला हवी तेवढी कठीण कांडी. पेन्सिलीने रेखांकनाचा आत्मा मारला, असे कोणी म्हणत नाही.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा दुसरा दावा तर जुन्या रंगपेटीचे झाकण उघडताच कोसळतो. लघुचित्रांतील झगझगीत तांबडा हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग आहे, पिवळा हरताळ हे आर्सेनिकचे संयुग आहे, शेंदूर शिसे भाजून केला जातो आणि जंगाल हा हिरवा रंग तांब्यावर आम्लाची प्रक्रिया करून मिळतो. यांपैकी हरताळ खाणीतून निघतो, शेंदूर आणि जंगाल हे मानवनिर्मित आहेत, आणि हिंगूळ दोन्ही प्रकारे मिळतो. म्हणजे ‘नैसर्गिक विरुद्ध रासायनिक’ ही रेघ जुन्या रंगकाराने ओढलेलीच नव्हती. जंगालाने कागद कालांतराने कुरतडला जातो आणि ठिसूळ होऊन तुटतो, हे हस्तलिखितांची जपणूक करणाऱ्यांना पुरते ठाऊक आहे. तेव्हा पूर्वीचे रंग सुरक्षित होते म्हणून त्यांच्याकडे परत जावे, असे म्हणणाऱ्याने हिंगूळ आणि हरताळ खलबत्त्यात घोटणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसांचा आणि बोटांचाही विचार करावा.

टिकाऊपणाची कथाही अशीच आहे. अजिंठा निजामाच्या राज्यात असताना हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्याचा सहकारी यांना बोलावून लेण्यांतील चित्रांची दुरुस्ती करून घेतली. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा बसवला, हे काम मोलाचे होते. परंतु चित्रांवर त्यांनी दिलेला चपड्याचा लेप पुढे पिवळा-काळा पडला आणि मूळ रंगांवर पडदा धरून बसला, इतका की नंतरच्या रसायनतज्ज्ञांना तो काढून टाकण्यासाठी दीर्घकाळ काम करावे लागले. चपडा म्हणजे लाखेपासून, म्हणजे झाडावरच्या किड्याच्या स्रावापासून मिळणारे पूर्णपणे नैसर्गिक रोगण आहे. द्रव्य निसर्गातून आले आहे एवढ्यावरून ते चित्राचे हितच करील, असे मानण्यास अजिंठ्याच्याच भिंती परवानगी देत नाहीत.

खुद्द निर्मलच्या कारागिरीचा तपशील पाहिला तर हा आग्रह आणखी विसंगत वाटू लागतो. या गावच्या खेळण्यांसाठी पोनिकी नावाच्या झाडाचे हलके, मऊ लाकूड वापरले जाते, त्याचे तुकडे भुसा आणि चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने सांधले जातात, आणि त्यावर पांढऱ्या मातीचे अस्तर चढते; चित्रांसाठी पूर्वी लाकडी फळी आणि नंतर दाबून केलेले तक्ते आधार म्हणून आले. या शैलीची सर्वांत मोठी ख्याती मात्र तिच्या सोनेरी झळाळीची आहे. निजामाच्या स्वागतासाठी नक्काशांनी केळफुलाच्या आकाराची वस्तू घडवली आणि दोरी ओढताच तिच्यातून सोनेरी पाकळ्या त्याच्यावर बरसल्या, अशी कथा गावात सांगितली जाते. आणि ही झळाळी सोन्याशिवाय, पांढऱ्या अस्तरावर वनस्पतींच्या रसाचा पारदर्शक पिवळा लेप देऊन साधली जात असे, हे निर्मलच्या कौशल्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. याचा अर्थ असा की निर्मलच्या नक्काशाने ज्या गोष्टीबद्दल दाद मिळवली ती द्रव्याची शुद्धता नव्हती. स्वस्त द्रव्यातून मौल्यवान द्रव्याचा भास निर्माण करण्याची युक्ती हीच त्याची कीर्ती होती. ज्या परंपरेचा मूळ अभिमान सोन्याविना सोने दाखवण्यात होता, तिच्यावर द्रव्याच्या अस्सलतेची कसोटी लावणे म्हणजे तिलाच न ओळखणे होय.

आता ज्या रंगाला या कलेचा मारेकरी ठरवले जाते त्याच्याकडे पाहावे. ड्यूको हा ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीने १९२० च्या दशकाच्या आरंभी मोटारगाड्यांसाठी बाजारात आणलेला रंग आहे. त्याचा बंधक म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळते. या सेल्युलोजचा एक मुख्य स्रोत म्हणजे सरकीला चिकटून राहणारे कापसाचे आखूड तंतू. कापसासाठी प्रसिद्ध असलेल्या आदिलाबादच्या काळ्या मातीत जे पिकते त्याचाच एक दूरचा वंशज त्या डब्यात असतो. हा रंग द्रावक उडून गेला की घट्ट होतो, त्यासाठी तेलाप्रमाणे दिवसेंदिवस वाट पाहावी लागत नाही. काळ्या पार्श्वभूमीचा सपाट, आरशासारखा थर त्यामुळे लवकर मिळतो, आणि त्या काळ्यावर उठून दिसणारी सोनेरी व रंगीत आकृती हे आजच्या निर्मल चित्राचे ओळखीचे रूप बनले. हे रूप जुन्या कारागिरीचे विकृतीकरण नाही. सोनेरी झळाळी अधिक उठावदार करण्याची जुनीच ओढ नव्या बंधकातून तिथे पूर्ण झाली.

याच ड्यूकोचा दुसरा इतिहास मेक्सिकन चित्रकार दाविद आल्फारो सिकेरोसने लिहिला. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने प्रयोगासाठी कार्यशाळा उघडली, तिथे ड्यूको फवारला, ओतला, ठिबकवला, आणि त्या कार्यशाळेत काम करणाऱ्यांत तरुण जॅक्सन पोलॉकही होता. कलेच्या इतिहासात हा प्रसंग आधुनिक चित्रकलेच्या धाडसाचा टप्पा म्हणून नोंदला जातो, आणि तो तसा आहेही. मग प्रश्न उरतो तो असा की मोटारीचा तोच रंग न्यूयॉर्कमध्ये धाडस आणि निर्मलमध्ये भ्रष्टता कसा ठरतो? उत्तर रंगात नाही. शहरी चित्रकाराला साहित्य निवडण्याचे स्वातंत्र्य गृहीत धरले जाते आणि गावातल्या नक्काशाने मात्र आपल्या आजोबाच्या खलबत्त्यातच राहावे, अशी अपेक्षा केली जाते. शुद्ध रंगाच्या आग्रहामागे ही विषमता दडलेली आहे, आणि हा आग्रह बहुधा कळवळ्याच्या स्वरात केला जात असल्यामुळे ती सहज लक्षात येत नाही.

या आग्रहाचे परिणाम काय झाले असते, याचे उत्तर शेजारच्या दोन परंपरांत मिळते. मध्य प्रदेशातील पाटणगढचा जनगढसिंह श्याम हा परधान होता, म्हणजे ज्या समाजाची एक शाखा आदिलाबादमध्ये मराठी बोलते त्याच गायक समाजातला. १९८० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने तो भोपाळच्या भारत भवनात आला, आणि तिथे त्याच्या हाती कागद, पोस्टर रंग व शाईची लेखणी पडली. त्या लेखणीच्या बारीक, समांतर रेघांतून आणि ठिपक्यांतून देवता, पशू आणि झाडे यांचे असे जग उभे राहिले की आज ‘गोंड चित्रकला’ म्हणून ओळखली जाणारी शैली मुख्यतः त्याच्यापासून सुरू होते. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद व रंग नेले आणि जिव्या सोमा मशे यांची कला पांढऱ्या रंगाने कागदावर व कापडावर उतरली. १९८९ साली पॅरिसच्या एका गाजलेल्या प्रदर्शनात जनगढ आणि जिव्या या दोघांचीही चित्रे होती. बाजारातले साहित्य म्हणजे परंपरेचा शेवट, हा नियम खरा असता तर या दोन्ही गोष्टी घडल्याच नसत्या.

याचा अर्थ द्रव्याला कधीच महत्त्व नसते असा नाही, आणि प्रतिवाद करताना ही मर्यादा सांगणे न्यायाचे आहे. आदिलाबादच्या गोंडांच्या दंडारी उत्सवात गुसाडी नर्तक मोरपिसांचा मुकुट धारण करून अंगाला राख फासतो. ती राख त्याच्या व्रताचा भाग असते, तिच्याजागी करड्या रंगाची पावडर लावली तर दिसण्यात फरक पडणार नाही, पण विधी मोडेल. तोटी समाजाच्या स्त्रिया गोंड स्त्रियांच्या अंगावर गोंदण करतात. ती सुईने त्वचेवर काढलेली रेखाकला आहे, आणि तिथे आधार खुद्द माणसाचे शरीर असल्यामुळे तो बदलताच येत नाही. वारली लग्नचौकात तांदळाचे पीठच लागते, कारण तो चौक सुवासिनींनी मांडलेला विधी आहे. अशा ठिकाणी द्रव्य हाच अर्थ असतो. परंतु निर्मलची चित्रे दरबारासाठी, नजराण्यासाठी आणि बाजारासाठी घडली. तिथे द्रव्य हे साधन होते, त्यामुळे ते बदलण्याचा अधिकार कारागिराला पहिल्यापासून होता. विधीचा नियम बाजारच्या कलेला लावणे ही या वादातली मूळ गफलत आहे. वारलीचेही तसेच : लग्नाचा चौक भिंतीवर राहतो आणि कागदावरचे चित्र वेगळे, कागद आल्यावर खरा बदल झाला तो हा की स्त्रियांचे काम पुरुषांच्या हाती गेले, सही आली आणि किंमत आली. रंग तांदळाचा की डब्याचा, या भांडणात तो महत्त्वाचा प्रश्न बाजूलाच पडला.

तिसऱ्या आक्षेपात, म्हणजे चित्रकाराचा कामगार झाला या तक्रारीत, दुखणे खरे आहे. एकच नर्तकी, एकच हंस, एकच दरबार शेकडो वेळा काढला जातो, आणि वारंवारतेने रेषा मेल्यासारखी होते. परंतु त्याचे खापर रंगाच्या डब्यावर फोडता येत नाही. दख्खनी आणि मोगल चित्रशाळांत खाका वापरला जात असे : कातड्यावर किंवा कागदावर काढलेल्या आकृतीच्या रेषेवर सुईने छिद्रे पाडून, त्यांवर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटून, तीच आकृती दुसऱ्या पृष्ठावर हवी तितक्या वेळा उमटवण्याची ती रीत. म्हणजे पुनरावृत्तीची सोय रासायनिक रंगापूर्वीच होती. रेषा मरते ती मागणी करणारा व्यापारी नवा नमुना घेत नाही, नगावर मजुरी देतो आणि रेखांकनाच्या वेळेचे मोल वेगळे धरत नाही म्हणून. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात आचार्य रेषेची प्रशंसा करतात आणि सामान्य लोक रंगाने भुलतात, अशा आशयाचे विधान आहे. निर्मलवर शोक करणारे टीकाकार या कसोटीवर सामान्यांच्याच रांगेत बसतात, कारण त्यांनी रंगाचा डबा पाहिला पण डोळ्याची कडा, हाताचा वळसा आणि वस्त्राची घडी कशी निघते, हे पाहिले नाही.

तरीही ड्यूकोविषयी दोन गोष्टी मान्य केल्याच पाहिजेत. पहिली आरोग्याची आहे : या रंगाचे द्रावक आणि थिनर यांची वाफ बंद खोलीत श्वासातून जाते, ती मेंदूला व मज्जासंस्थेला अपायकारक आहे, शिवाय ती चटकन पेट घेते. दुसरी टिकाऊपणाची आहे : नायट्रोसेल्युलोज काळाबरोबर पिवळे पडते आणि ठिसूळ होते, त्यामुळे आजची चित्रे पुढच्या पिढीपर्यंत कशी पोहोचतील, ही चिंता रास्त आहे. परंतु या दोन्ही गोष्टींवरचा उपाय हरताळाकडे परतण्यात नाही; खेळती हवा, मुखपट्टी, कमी घातक द्रावक किंवा पाण्यात विरघळणारा बंधक, आणि प्रत्येक चित्रामागे कोणते अस्तर, कोणता रंग आणि कोणते रोगण वापरले याची नोंद, हे त्यांचे उपाय आहेत.

उलट, शुद्ध रंगाचा आग्रह जेव्हा खरेदीची अट बनतो तेव्हा त्याचा बोजा कारागिरावर पडतो. जे द्रव्य मिळवायला वेळ जातो त्याची किंमत ग्राहक देत नाही, पण ‘नैसर्गिक’ या शब्दाची मात्र मागणी करतो, आणि अशा मागणीतून खऱ्या रंगांपेक्षा खोट्या चिठ्ठ्या अधिक तयार होतात. त्यापेक्षा पोनिकीची झाडे कमी होत आहेत हा प्रश्न कितीतरी निकडीचा आहे, कारण रंगाला पर्याय सापडतो पण ज्या लाकडावर खेळण्याचे शरीर घडते त्याला तितका चांगला पर्याय सापडत नाही; आणि त्या झाडासाठी आवाज उठवणारे, रंगासाठी हळहळणाऱ्यांच्या तुलनेत फारच थोडे आहेत.

या सर्व विवेचनातून निघणारा निर्णय सरळ आहे. निर्मलची कला डब्यातल्या रंगामुळे संपली, हे विधान अजिंठ्याच्या लाजवर्दाला, मानसोल्लासाच्या वर्तिकेला, जनगढच्या शाईला आणि निर्मलच्याच सोनेरी युक्तीला एकाच वेळी नाकारल्याशिवाय करता येत नाही. ज्यांना या कलेची खरी काळजी आहे त्यांनी चित्र विकत घेताना रंग कुठून आला हे विचारण्याआधी रेखांकन कोणी केले, त्याला त्या रेखांकनाचे किती पैसे मिळाले आणि नवा नमुना काढायची त्याला मुभा आहे का, हे विचारावे. कारागिरांच्या सहकारी संस्थांनी तरुण मुलांना रंग घोटण्याआधी रेषा शिकवण्यासाठी वेळ आणि वेतन द्यावे. वनखात्याने पोनिकीची लागवड वाढवावी. आणि लोककलेवर लिहिणाऱ्यांनी नक्काशाला साहित्य निवडण्याचा तोच अधिकार द्यावा जो ते कोणत्याही शहरी चित्रकाराला न मागता देतात.